दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी भाषा कुठली? आधी केंद्रावरचा कॉम्प्युटर बघून या

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा लिहिते, चुकत असेल तर सांगा. तुम्ही तिघं मित्र, कराडच्या आसपासचे, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करताय. दूध आलं की वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) मशीनवरून उचलायचं, दरपत्रकाप्रमाणे दर लावायचा, पावती काढायची आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा. एकाला चार वर्षं पीएचपी आणि त्यावरचं लारावेल हे फ्रेमवर्क येतंय, दुसऱ्याचा हात पायथनवर बसलाय, तिसऱ्याला गो येतं पण सध्या त्याच्या डोक्यात रस्ट शिरलंय. घरचे आठ लाख लावलेत. आणि विचारलंय की ताई, प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती, डेटाबेस कोणता, मायक्रोसर्व्हिसेस (एकाच सॉफ्टवेअरचे वेगवेगळे चालणारे लहान तुकडे) आत्तापासूनच करायच्या का, आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना उघडा असलेलं सॉफ्टवेअर) म्हणजे फुकटचं, तर त्यावर धंदा उभा करावा का.

मी सतरा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, काम करतेय, पुण्यात. दोन स्टार्टअपमध्ये अगदी पहिल्या दिवसापासून होते, त्यातला एक बुडाला. भाषेमुळे नाही बुडाला, गिऱ्हाईकच नव्हतं. पण त्या बुडालेल्या कंपनीत भाषा कोणती घ्यायची यावर आम्ही पूर्ण दोन महिने भांडलो होतो, हे आठवलं की अजून हसू येतं.

तर पहिली गोष्ट. तुम्ही तिघं ज्याच्यावर भांडताय ती या सगळ्यातली त्यातल्या त्यात बदलता येणारी गोष्ट आहे. भाषा बदलता येते. महाग पडतं, त्रास होतो, पण येते. ट्विटर रुबी ऑन रेल्सवर सुरू झालं, लोड झेपेना तेव्हा मोठा भाग स्काला आणि जावाच्या बाजूला नेला. फेसबुक पीएचपीत लिहिलं गेलं, पुढे त्यांनी पीएचपी पळवायला स्वतःचं इंजिन काढलं आणि २०१४ मध्ये हॅक नावाची त्याचीच सुधारलेली भाषा आणली. दोघांवरही ही वेळ आली तोपर्यंत हातात पैसा होता, माणसं होती. जे बदलता येत नाही ते वेगळंच असतं: चुकीच्या आकारात साठवलेला डेटा, न वाचता गळ्यात घालून घेतलेलं लायसन्स, आणि दोनशे गावांत जाऊन बसवलेला प्रोग्रॅम. डोकं तिथे लावा.

तरी भाषेचं उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. सर्व्हरवर लारावेल आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. मला स्वतःला पायथन आवडतं, जँगो हे त्याचं फ्रेमवर्क तर मी झोपेत लिहीन, पण तुमच्यात चार वर्षं प्रॉडक्शन बघितलेला माणूस पीएचपीवाला आहे. पहाटे साडेपाचला केंद्रावर रांग लागलेली असताना सॉफ्टवेअर अडकलं तर फोन कोणाला जाणार? त्याला ज्या भाषेत अर्ध्या झोपेत चूक सापडते ती तुमची भाषा. पीएचपीला नावं ठेवायची फॅशन आहे, पण ती बहुतेक दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पीएचपीला ठेवलेली असतात. २०१५ च्या सातव्या आवृत्तीपासून वेग चांगलाच वाढला, २०२० च्या आठव्यापासून टाइपची शिस्तही बरीच आली. शिवाय उद्या चौथा माणूस लागला तर कराड-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात लारावेल येणारा सापडतो, रस्ट येणारा शोधायला तुम्ही बंगळुरूला जाल आणि तो तुमच्या पगारावर यायचा नाही.

"पण स्केल, म्हणजे उद्या लोड वाढला तर?" असं तिसरा म्हणणार. चला, कागदावर मांडू. समजा दोनशे केंद्रं मिळाली, जी तुम्हाला वर्षभरात मिळणं अवघड आहे हे तुम्हालाही माहितीय. प्रत्येक केंद्रावर दीडशे गवळी, दिवसाच्या दोन पाळ्या. म्हणजे दिवसाला साठ हजार नोंदी. एका पाळीच्या तीस हजार नोंदी दोन तासांत येतात असं धरलं तर सेकंदाला चारच्या आसपास. चार! वर्षाला दोन कोटी एकोणीस लाख ओळी, त्या पोस्टग्रेसचा एक बऱ्यापैकी सर्व्हर घाम न गाळता सांभाळतो, इंडेक्स नीट असला म्हणजे झालं. इथे कुबरनेटिस (ढीगभर सर्व्हर सांभाळायची यंत्रणा) आणि सात मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे अंगणात झाडू मारायला जेसीबी बोलावल्यासारखं आहे. एकच अॅप्लिकेशन, एकच डेटाबेस, मागे चालणाऱ्या कामांसाठी लारावेलचीच क्यू (कामांची रांग) डेटाबेसच्या टेबलावर. रेडिससारखी वेगळी साठवण नको, काफ्कासारखी निरोप वाहणारी मोठी यंत्रणा तर अजिबात नको. स्क्रीनसुद्धा लारावेलच्याच साध्या ब्लेड टेम्प्लेटच्या करा, रिअॅक्ट लागलंच तर पुढे बघू. इन्स्टाग्रामला २०१२ मध्ये फेसबुकनं शंभर कोटी डॉलर देऊन घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथे तेरा माणसं होती, जँगो होतं आणि मागे पोस्टग्रेस होतं.

भाषेचा कधीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणत नाही. व्हॉट्सअॅप २०१४ मध्ये विकलं गेलं तेव्हा पंचेचाळीस कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते जेमतेम बत्तीस. त्यामागे अरलँगचा मोठा हात आहे, कारण अरलँग ही भाषाच मुळी एरिक्सननं टेलिफोन एक्सचेंजसाठी काढली, लाखो जोडण्या एकदम चालू, एक पडली तरी बाकीच्यांना धक्का नाही. त्यांचं दुखणं आणि औषध जुळलं. तुमचं दुखणं लाखो जोडण्यांचं नाहीये. तुमचं दुखणं पैशाचा हिशोब, मराठी आणि पहाटेची लाईट हे आहे.

आणि हो, एआय कोड लिहून देतं म्हणून भाषा कुठलीही चालेल असं कोणीतरी म्हटलंय तुमच्यात. मी पण रोज वापरते. जिथे जगभरात उघडा कोड ढिगानं पडलाय तिथे ते बरं लिहितं, पीएचपी-पायथन त्यातच येतात. पण लिहून दिलेलं वाचता आलं पाहिजे ना, नाहीतर रांगेतला गवळी किटली घेऊन उभा आणि तुम्ही चॅटमध्ये विचारताय की हे काय लिहिलंयस.

आता डेटाबेस, इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे मी हात पोळून घेतलेत. २०१३ च्या सुमाराला आम्ही शाळांच्या फीचं सॉफ्टवेअर केलं आणि त्या काळी जोरात असलेला एक नोएसक्यूएल डेटाबेस घेतला. का? तर स्कीमा, म्हणजे टेबलांचा आधी ठरवलेला आराखडा, लागत नाही, पटापट काम होतं. होतं खरंच. जूनमध्ये, ॲडमिशनच्या गर्दीत, सर्व्हर मध्येच बंद पडला आणि साठ-सत्तर पालकांच्या पावत्या निघाल्या होत्या पण खात्यात जमा नव्हत्या, कारण पावती एका ठिकाणी लिहायची, खातं दुसऱ्या ठिकाणी, आणि "दोन्ही होतील नाहीतर एकही नाही" अशी ट्रान्झॅक्शनची हमी त्यात तेव्हा नव्हती. चूक डेटाबेसची म्हणणार नाही, आम्ही भाजी चिरायच्या सुरीनं लाकूड फोडत होतो. दोन दिवस मी आणि शाळेच्या क्लार्क बाई कार्बन कॉप्या समोर ठेवून एकेक आकडा जुळवत बसलो होतो. त्या बाईंनी एकदाही आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

पैशाचा मामला आहे तिथे पोस्टग्रेस घ्या, किंवा हाताला सवय असेल तर मारियाडीबी, पण ट्रान्झॅक्शन असलेलंच. पोस्टग्रेसचं मूळ १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रोजेक्टमध्ये आहे, आजचं नाव १९९६ पासूनचं, आणि ते कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, लायसन्सच्या वेळी लागेल.

रक्कम, लिटर, फॅट, दर यातलं काहीही फ्लोटमध्ये (दशांश आकडा अंदाजे साठवणारा टाइप) ठेवू नका. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. एका पावतीत कळणारही नाही, पण दहा दिवसांच्या पगारात वीस पावत्यांची बेरीज आणि छापलेली एकूण रक्कम यात पाच पैशांचा फरक आला की सचिव म्हणणार सॉफ्टवेअर चोर आहे, आणि गावात ते वाक्य तुमच्या आधी पोचतं. न्यूमरिक, म्हणजे आकडा नेमका साठवणारा, टाइप वापरा आणि पूर्णांक कुठे करायचा, पावतीवर की पगाराला, ते संस्थेला विचारून एकदाच ठरवा.

दुसरं, लावलेला दर त्या त्या नोंदीतच लिहून ठेवा. रिपोर्ट काढताना दरपत्रकावरून पुन्हा काढू नका. दर मागच्या तारखेपासून वाढतात हे तुम्ही मला सांगायला नको, तुमच्याच घरात दिवाळीला दुधाचा फरक येत असेल. तो फरक म्हणजे तुमच्या सगळ्या डिझाइनची परीक्षा आहे. जुनी नोंद खोडून नवा दर घातलात की वर्षभराचा हिशोब तोंडावर आपटला. जुनी नोंद तशीच, फरकाची ओळ वेगळी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या ठरावानं. ॲडव्हान्स, पशुखाद्याची कपात, सगळं असंच ओळीवर ओळ. खोडरबर नसलेली वही समजा.

मराठीचं एक उदाहरण देते, तुमच्याच गावाचं. कराड कसं लिहितात? कोणी कराड, कोणी कऱ्हाड. बरं, कऱ्हाडसुद्धा टायपिंगमध्ये दोन प्रकारे येतं. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात आणि त्याला हलन्त देतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही डोळ्याला सारखेच, डेटाबेससाठी दोन वेगळे शब्द. शोधलं तर एक सापडतं, दुसरं नाही, आणि तुम्ही रात्रभर बग शोधत बसता. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, नोंद आत घेतानाच तुमच्या कोडमधून एक रूप करावं लागतं. गावांची नावं तर टाइपच करू देऊ नका, यादीतून निवडा, पंचायत राज मंत्रालयाच्या डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे तो वापरा. माणसांचं सोपं आहे, केंद्रावर नावानं कोणी शोधत नाही, "कोड बेचाळीस" म्हणतात. आणि नावांची यादी अकारविल्हे लावलीत तर ळ बघा एकदा, अक्षरांच्या नुसत्या कोडच्या क्रमानं तो ल च्या लगेच पुढे येऊन बसतो, शाळेत आपण तो ह च्या नंतर शिकलो. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घेणार असाल तर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८-एमबी-४ च ठेवा, जुना यूटीएफ-८ देवनागरी घेतो पण इमोजीला अडतो, आणि शेरा लिहायच्या रकान्यात कोणीतरी अंगठा टाकणारच.

ओपन सोर्स. "फुकट आहे म्हणून भरवसा नाही" हे डोक्यातून काढा. तुमच्या फोनचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), इंटरनेटचे निम्म्याहून जास्त सर्व्हर, सगळं ओपन सोर्सवरच आहे. आपल्याकडचंच बघा, झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं ट्रेडिंगची बरीचशी यंत्रणा गो, पायथन, पोस्टग्रेस असल्या गोष्टींवर उभी केलीय आणि २०२४ मध्ये त्यांनी ओपन सोर्स प्रोजेक्टना वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचा फंडच काढला. मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर करते, पायथनमध्ये, सगळा कोड उघडा. ते तुम्ही एकदा बसवून बघाच, संस्थेचं किरकोळ खातं, पशुखाद्याचा स्टॉक, खरेदी-विक्री हे सगळं नव्यानं लिहिण्याआधी. दूध पगाराचा भाग त्यात तुमच्या मनासारखा बसेल असं नाही, पण दुसऱ्यानं हिशोबाची टेबलं कशी मांडलीत ते वाचणं हीच मोठी शिकवणी.

खरा प्रश्न फुकट की विकत हा नाही, लायसन्स कोणतं आणि मालक कोण हा आहे.

एमआयटी, बीएसडी, अपाची या कुळातलं असेल तर बिनधास्त घ्या, नाव आणि नोटीस ठेवली की झालं. जीपीएलमध्ये अट अशी की त्या कोडवर केलेली वस्तू तुम्ही दुसऱ्याच्या हातात दिलीत तर त्या माणसाला सोर्सही द्यावा लागतो. नुसतं तुमच्या सर्व्हरवर चालवून सेवा दिलीत तर ती अट लागत नाही. एजीपीएलनं ही वाटही बंद केलीय, नेटवर्कवरून वापरायला दिलं तरी सोर्स द्या. आता तुमच्याकडे बघा, सर्व्हरचा भाग तुमच्याकडेच राहणार पण केंद्रावरचा प्रोग्रॅम तुम्ही गावोगाव वाटणार. म्हणजे सर्व्हरवर जी लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) चालून जाईल ती केंद्रावरच्या प्रोग्रॅममध्ये नडू शकते. दोन वेगळ्या याद्या करा, आत्ताच, पॅकेजचं नाव आणि पुढे लायसन्स.

हे मी का सांगतेय, तर दुसऱ्या स्टार्टअपमध्ये, जो बुडाला नाही तो, पैसे लावणाऱ्यांच्या वकिलानं अशीच यादी मागितली. आम्ही ऐटीत काढून दिली आणि त्यात एक पीडीएफ बनवायची लायब्ररी एजीपीएल निघाली. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी एका दुपारी टाकली होती, कोणी ते मीच असण्याची दाट शक्यता आहे. एकतर विकतचं लायसन्स घ्या नाहीतर सगळा कोड उघडा करा. आम्ही तिसरं केलं, दोन आठवडे सगळं थांबवून ती काढून टाकली. पैसे आले, पण उशिरा, आणि त्या महिन्यात पगार कसे झाले ते विचारू नका.

मालकाचं बघायचं कारण असं की एकाच कंपनीच्या हातात असलेल्या प्रोजेक्टचं लायसन्स रातोरात बदलू शकतं. मोंगोडीबी या डेटाबेसनं ऑक्टोबर २०१८ मध्ये बदललं, इलॅस्टिकसर्च या शोधायच्या इंजिननं २०२१ च्या सुरुवातीला, सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्मनं ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसनं मार्च २०२४ मध्ये. त्यातून ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की अशी फाटे फुटलेली प्रोजेक्ट आली, आणि इलॅस्टिक-रेडिस नंतर एजीपीएल घेऊन पुन्हा ओपन सोर्सकडे आले. त्या कंपन्यांना दोष देऊन उपयोग नाही, मोठे क्लाउडवाले त्यांच्याच मालावर धंदा करत होते, त्यांनाही पोट आहे. पण तुम्ही मधल्या मधे चिरडले जाता. म्हणून पायाच्या गोष्टी, म्हणजे डेटाबेस, भाषा, ऑपरेटिंग सिस्टीम, अशाच घ्या ज्या एका कंपनीच्या मर्जीवर नाहीत.

आणि लहान लायब्ररी मोजून घ्या. २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड अडकली. अकरा ओळी, ज्या तुमच्यातला कोणीही चहा उतू जायच्या आत लिहील. त्याहून भीतीदायक २०२४ चं एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण. थकलेल्या एकट्या मेंटेनरच्या मदतीला एक जण आला, दोनेक वर्षं इमानदारीनं काम केलं, हक्क मिळवले आणि मग हळूच मागचं दार बसवलं. सापडलं कसं, तर पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एका इंजिनिअरला लॉगिन अर्ध्या सेकंदानं हळू वाटलं म्हणून तो खणत गेला. तुमच्यासारख्यांनी करायचं एवढंच की लॉक फाइल (कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती याची यादी) कोडबरोबर गिटमध्ये ठेवायची, अपडेट आले की ते काय आहेत ते वाचून महिन्यातून एकदा घ्यायचे, आणि कुठलंही पॅकेज घेताना शेवटचं रिलीज कधीचं, काम करणारी माणसं किती, प्रश्नांना उत्तरं मिळतात का हे बघायचं. गिटहबवर तारे किती मिळालेत ते बघू नका.

पीडीएफचा विषय निघालाय तर, मराठीत पगारपत्रक छापताना बऱ्याच पीडीएफ लायब्ररी जोडाक्षरं फोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे नेऊन ठेवतात. "किलो" चं काहीतरी भलतंच होतं. अक्षर जुळवायचं काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते, ती क्रोम-फायरफॉक्समध्ये आहेच. त्यामुळे सरळ एचटीएमएल पान बनवा आणि सर्व्हरवर विनास्क्रीन क्रोमियमकडून पीडीएफ काढून घ्या. जुन्या लेखांत डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ सांगितलेलं दिसेल, त्याचं काम आता बंद झालंय. थर्मल प्रिंटरवर देवनागरी बहुतेक वेळा सरळ उमटतच नाही, पावतीचं चित्र करून पाठवावं लागतं, थोडं हळू होतं, चालतं. आणि मराठी एसएमएस सत्तर अक्षरांतच संपतो, इंग्रजीला एकशेसाठ मिळतात. दिवसाला साठ हजार एसएमएस मराठीत पाठवायचे ठरवलेत तर आठ लाखांतले बरेचसे तिथेच जातील. आकडे तेवढे पाठवा, "कोड, लिटर, फॅट, दर, रक्कम", शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

आता ज्यासाठी मी हे शीर्षक दिलं ते. केंद्रावरचा प्रोग्रॅम. वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टवरून (केबलची जुन्या पद्धतीची जोडणी) आकडे फेकतात, ते पकडायला तिथेच काहीतरी चालू असायला हवं, तुमचा लारावेल सर्व्हर लांब बसून ते करू शकत नाही. शिवाय नेट जाणार. म्हणून केंद्रावर एक लहान प्रोग्रॅम, त्याच्याकडे स्वतःचं एसक्यूलाइट (एका फाइलमधला लहान डेटाबेस), जे सार्वजनिक मालकीचं आहे म्हणजे लायसन्सची भानगडच नाही. प्रत्येक नोंदीला तिथेच एक न बदलणारा युनिक आयडी द्यायचा, नेट आलं की वर ढकलायचं, आणि सर्व्हरनं तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर गुपचूप सोडून द्यायचं. हे नाही केलंत तर नेट मधेच तुटल्यावर एकाच गवळ्याचं दूध दोनदा लागेल. तो तक्रार करणार नाही, हिशोब मात्र कोलमडेल.

आणि इथे तुमच्या गोवाल्याला आणा, त्याला उगाच लारावेल शिकायला लावू नका. गोचा प्रोग्रॅम एकच फाइल असते, पेनड्राइव्हवरून टाकली की चालली, पायथन इन्स्टॉल करा आणि मग पॅकेज टाका ही कटकट सचिवाच्या कॉम्प्युटरवर नको. त्याच्यासाठी मला गो अगदी पसंत आहे. फक्त एक गोष्ट.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज कुठलं आहे ते बघितलंत का? मी चार वर्षांपूर्वी एका कामासाठी सोलापूरकडच्या काही केंद्रांवर फिरले होते, निम्म्या ठिकाणी विंडोज सेव्हन होतं, कॅबिनेटवर दुधाचे डाग, कीबोर्डवर प्लॅस्टिक. मायक्रोसॉफ्टनं सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच थांबवला. पायथनची ३.८ ही सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती. गोची १.२० शेवटची, ऑगस्ट २०२३ च्या १.२१ पासून विंडोज १० लागतं. रस्टनंसुद्धा २०२४ मध्ये १.७८ पासून तीच अट घातली. ब्राउझरमधूनच सिरियल पोर्ट वाचू म्हणाल, क्रोमला ते जमतं, पण क्रोम सेव्हनवर १०९ लाच थांबलंय. म्हणजे तुम्ही ज्यांवर भांडताय त्यातल्या पायथन, गो आणि रस्ट या तिन्हींच्या आजच्या आवृत्त्या तिथे सुरूच होणार नाहीत.

यातून मार्ग आहेत. तोच जुना कॉम्प्युटर लिनक्स टाकून घ्या, सचिव नुसता तुमचा स्क्रीन बघतो, खाली काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, फक्त त्याचं टॅली किंवा दुसरं काही त्याच मशीनवर असेल तर ते आधी विचारा नाहीतर शिव्या खाल. किंवा तुमचाच एक लहान लिनक्सचा डबा द्या, रास्पबेरी पायसारखा, भाड्यात धरून, मग सगळीकडे एकच मशीन, एकच आवृत्ती, तुमची झोप शांत. माझा कल याच्याकडे आहे. पहिल्या पाच केंद्रांपुरतं गो १.२० वर बांधून दिलंत तर मी ओरडणार नाही, पण त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, तेव्हा त्या प्रोग्रॅमनं फक्त तुमच्या सर्व्हरशी बोलायचं आणि बाकी कोणाशी नाही, आणि सहा महिन्यांत काढायचं हे भिंतीवर लिहून ठेवा.

तर आत्ता कोड लिहू नका. येत्या आठवड्यात दहा केंद्रं फिरा, पहाटेच्या पाळीला, रांग असताना. प्रत्येक ठिकाणी विंडोजची आवृत्ती, रॅम, मशीनच्या मागच्या पोर्टचा फोटो, मशीनच्या पुस्तिकेत बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) काय दिलाय तो, सगळीकडे ९६०० च असेल असं धरून चालू नका. आणि सचिवाला विचारा की लाईट गेल्यावर आत्ता काय करता. तो टेबलाच्या खणातून एक वही काढेल. त्या वहीच्या उघड्या पानाचा फोटो काढून आणा, कोड नंबर कुठे लिहितो, फॅट आधी की लिटर आधी, खाडाखोड कशी करतो. तुमच्या पहिल्या स्क्रीनवरचे रकाने त्याच क्रमानं लावा.